चित्रपुस्तकांतून कविता: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरात दोन मुलं आहेत, धाकटी साडेतीन वर्षांची आणि थोरला सहाचा. आठ महिने रोज रात्री एक कविता वाचायची, तीही चित्रपुस्तकातूनच, असं ठरवलं होतं. मधे आजारपण आणि कंटाळा यांमुळे खाडे झाले, पण प्रयोग टिकला.

सुरुवात चुकली. हौसेने मी जाडजूड कवितासंग्रह आणला, दर पानावर एक कविता आणि कोपऱ्यात बोटभर चित्र. धाकटीने तिसऱ्या पानावर तो मिटला आणि त्यावर बसली. मग एकच कविता पूर्ण पुस्तकभर पसरलेली, जोडपानावर एक-दोन ओळी, अशी पुस्तकं आणली आणि गाडी रुळावर आली. त्यांत पान उलटणं हाच ठेका होतो. एका पुस्तकात मनी निघते ‘गच्चीवर’, पुढच्या पानाआधी ओळ अर्धी सोडलेली: ‘उडी मारली...’ धाकटी ओरडली, ‘खुर्चीवर!’ पान उलटलं तर मनी ढगावर. यमक शिकवायला याहून वेगळा धडा लागला नाही. पुढचा आठवडाभर तिने घरातल्या प्रत्येक वस्तूवर मनीला बसवलं, झाडूवरसुद्धा.

यातली अडचण मात्र महिनाभराने लक्षात आली. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, कारण छपाईचे मोठे कागद घडी घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करतात. शीर्षकाची वगैरे पानं वजा केली की हातात तेरा-चौदा जोडपानं उरतात. सोळा ओळींची कविता त्यांवर ताणली की दोन यमकांमध्ये ‘हा बेडूक रडतोय का?’, ‘याची टोपी कुठे?’ असे पाच प्रश्न येतात आणि यमक विरून जातं. यावर मला सापडलेला उपाय असा: पहिल्या फेरीत कुणी काहीही विचारलं तरी न थांबता, ठेक्यात पानं उलटत शेवटपर्यंत जायचं. दुसरी फेरी चित्रांची, तीत हवं तेवढं रेंगाळायचं. तिसऱ्या फेरीला मुलंच म्हणू लागतात. एकच पुस्तक पुन्हापुन्हा वाचून मोठी माणसं वैतागतात, मीही वैतागलो, पण कानात लय बसते ती याच फेऱ्यांनी.

बडबडगीतांचा वाचनाशी संबंध असतो हे ऐकून होतो. मानसशास्त्रज्ञ पीटर ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ६४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयाच्या तिसऱ्या वर्षी ज्यांना बडबडगीतं जास्त येत होती, ती पुढे शब्दांतले ध्वनी ओळखण्यात आणि वाचण्यात सरस दिसली. आमच्याकडे आठ महिन्यांत वाचन वगैरे काही अवतरलेलं नाही. शब्द तोडून खेळणं मात्र वाढलं: ‘चमचा-कमचा-गमचा’ हे जेवताना थांबवावं लागतं.

आता तक्रारी. पहिली, मांडणी करणाऱ्यांवर. चित्रात जागा उरेल तिथे ओळ कोंबतात, मग ‘टपटप टपटप’ मधला दुसरा टपटप खालच्या ओळीत जातो. कवितेची ओळ कुठे मोडायची हे चित्राने ठरवू नये. गडद जंगलावर काळी अक्षरं छापणाऱ्यांनी एकदा रात्रीच्या दिव्यात वाचून दाखवावं. दुसरी, अनुवादांबद्दल. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आला-गेला-झाला असं यमक फुकटात मिळतं आणि कित्येक अनुवाद तेवढ्यावरच भागवतात. यमक जुळतं, पण एका ओळीत आठ अक्षरं आणि पुढच्या ओळीत चौदा, म्हणजे वाचताना जीभ धापा टाकते. घेण्याआधी दोन पानं मोठ्याने वाचून पाहावीत, मनात वाचून हे कळत नाही. सोबत येणारं ध्वनिमुद्रण आम्ही दोनदा लावलं. ते पान उलटायला थांबत नाही.

थोरल्याचं प्रकरण निराळं. त्याला चित्र हीच अडचण झाली. ओळीत ‘काळोख हळूच घरात आला’ आणि चित्रात दारात उभा, डोळे असलेला काळोख. काळोख कसा असेल हे त्याने स्वतः ठरवण्याआधीच चित्रकाराने ठरवून टाकलेलं. मग त्याला डोळे मिटून आधी ऐकवू लागलो, नंतर त्याने काढायचं, शेवटी पुस्तकातलं पाहायचं. त्याचा काळोख मोज्यासारखा निघाला. पुस्तकातला त्याला ‘चुकलेला’ वाटतो. जिथे चित्र ओळीपेक्षा वेगळंच काही सांगतं, मनी ढगावर असते आणि खाली कुणीतरी शिडी शोधत असतं, अशी पुस्तकं मात्र त्यालाही अजून पुरतात. ‘या कवितेतून काय कळलं?’ हे मी पहिल्या महिन्यात विचारत होतो. त्याने ‘झोप आली’ असं उत्तर दिल्यापासून सोडलं.

परवा दिवे गेले. पुस्तक दिसेना, तर धाकटी अंधारातच मनीची कविता म्हणू लागली. ‘उडी मारली’पाशी थांबली. काय करतेय म्हणून मोबाइलचा उजेड पाडला, तर हवेत हात फिरवून पान उलटत होती.