४८ हजारांचा आवाज

रस्त्यावर गाडी सरळ धावताना काही नाही. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापलं, की मागून ‘कुर्रर्र… ढुक-ढुक’. मागच्या ॲक्सलवर कोणी जातं फिरवतंय असं वाटावं. सर्व्हिसिंगला जेमतेम आठ दिवस झाले होते. बिलात ‘एलएसडी गिअर ऑईल, ३ लिटर, २,७०० रुपये’ अशी ओळही होती. (एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी ॲक्सलमधली गिअरची पेटी.)

त्याच गॅरेजात पुन्हा गेलो, हा माझा गाढवपणा. मालकाने पोरासोबत एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच निकाल दिला, “साहेब, प्लेटा गेल्या. सगळं हौसिंग उतरवावं लागेल. पार्ट बाहेरून मागवायचा, ४८ हजार धरा. आणि अशी चालवू नका, क्राउन-पिनियन पण घेऊन जाईल.” क्राउन-पिनियन म्हणजे त्याच पेटीतले मुख्य गिअर. या शेवटच्या वाक्याने माझी गाळण उडाली. १० हजार ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो.

घरी आल्यावर पुणेकर जागा झाला. तोच पार्ट नाना पेठेत स्वस्त मिळतो का बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो. एका जुन्या दुकानातल्या काकांनी पार्टचं नाव ऐकलं आणि काढून द्यायच्या ऐवजी उलट विचारलं, “आवाज सरळ जाताना येतो की वळताना?”

“वळताना. तेही हळू असताना.”

“ऑईल कधी बदललं?”

“आठ दिवस झाले.”

“मग प्लेटा कशाला बदलताय? झिजलेल्या प्लेटा पकडतच नाहीत, आवाज कुठून करणार? तुमच्या तर नको तेवढ्या पकडतायत.”

मग त्यांनी काउंटरवर दोन नाणी एकमेकांवर घासून समजावलं. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक चिखलात गेलं की तेच गरगरत बसतं आणि गाडी जागची हलत नाही. ताम्हिणीत पावसाळ्यात ही गंमत मी बघितली आहे, म्हणून तर एलएसडीवाली गाडी शोधून घेतली. माझ्या गाडीतल्या प्रकारात क्लचच्या प्लेटा एकमेकींना दाबून धरतात, त्यामुळे दुसऱ्या चाकालाही जोर मिळतो. पण वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरतं. तेव्हा याच प्लेटांनी एकमेकींवरून अलगद सरकायला हवं. त्यासाठी ऑईलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर नावाचं मिश्रण लागतं. साधं गिअर ऑईल, अगदी जीएल-५ या वरच्या दर्जाचं असलं, तरी फक्त गिअरचे दात सांभाळेल; प्लेटा मात्र धरतील-सोडतील, धरतील-सोडतील. तोच माझा जात्याचा आवाज.

काकांनी पार्ट विकलाच नाही. ‘एलएस’ (लिमिटेड स्लिप) लिहिलेले ऑईलचे सीलबंद कॅन दिले, ओळखीच्या मिस्त्रीकडे पाठवलं. मी पूर्ण वेळ शेजारी उभा. मिस्त्रीने आधी वरचा, भरायचा प्लग सैल केला आणि मगच खालचा. कारण विचारलं तर म्हणाला, “खालून सगळं सांडलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी इथंच मुक्कामाला.” गाडी फिरवून आणलेली होती, त्यामुळे ऑईल पातळ होऊन झरझर आलं. खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप होता, लोखंडाचे तुकडे नव्हते. लेप चालतो, तुकडे दिसले तर घाबरायचं. नवीन ऑईल वरच्या भोकातून बाहेर ठिबकेपर्यंत भरलं. मग मोकळ्या मैदानात हळूहळू इंग्रजी आठचे आकडे काढायला लावले, म्हणजे प्लेटांमध्ये ऑईल मुरतं. दहाबारा आकड्यांनंतर आवाज बारीक झाला, संध्याकाळी बेसमेंटमध्ये पूर्ण बंद. मजुरीसकट खर्च ३,४०० रुपये. (गिअर ऑईलचा तो कुजकट गंधकाचा वास शर्टातून अजून गेलेला नाही, तो वेगळा.)

आता पहिलं गॅरेज. “माझ्या ऑईलचे रिकामे कॅन दाखवा,” म्हटलं. मालक म्हणाला, “भंगारात गेले.” मागे चहा पीत उभा असलेला पोरगा सहज बोलून गेला, “शेठ, यांना ड्रममधलं साधंच ऑईल टाकलं होतं ना?” त्याचं पुढे काय झालं माहीत नाही, पण देव त्याचं भलं करो.

तरी मालक ॲडव्हान्स सोडेना; पार्टची ऑर्डर गेली म्हणे. ऑर्डरची पावती मागितली, ती निघेना. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोर फोनवर लावला, तेव्हा ८ हजार परत आले. २ हजार ‘कॅन्सलेशन’चे कापले.

सील आपल्या डोळ्यांदेखत तोडायला लावा आणि रिकामे कॅन घरी न्या, एवढं मी आता भेटेल त्याला सांगतो. त्या २ हजारांसाठी आणि ऑईलच्या २,७०० साठी तक्रार नोंदवली आहे. बिलावर ‘एलएसडी गिअर ऑईल’ हे शब्द मालकाच्या स्वतःच्या अक्षरात आहेत. ते मी लॅमिनेट करून ठेवलंय.