पुन्हा बाजूने दिसणारा प्रिन्स : ‘द लॉस्ट क्राउन’ पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खेळल्यावर

गेल्या पावसाळ्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’ हा व्हिडिओ गेम सवलतीत मिळाला म्हणून घेतला. आता उन्हाळा आला तरी तो लॅपटॉपवरून काढलेला नाही. मुख्य कथा संपली, अवघड पातळीवर दुसऱ्यांदा निम्म्याहून जास्त झाला, नंतर आलेलं जोडप्रकरणही खेळून झालं. नव्या गेमचं पहिल्या आठवड्यातलं कौतुक फार टिकत नाही, म्हणून लिहायला मुद्दाम वेळ घेतला. प्रिन्सची मालिका पुन्हा टूडीत, बाजूने दिसणाऱ्या सपाट पडद्यावर आली आणि तिचं हे परत येणं सार्थकी लागलं, असं माझं ठाम मत झालंय.

माझ्या पिढीला प्रिन्स भेटला तो डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या संगणक प्रणालीवर. नव्वदच्या दशकात पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि तास संपला की कुणाच्या तरी दप्तरातून ती फ्लॉपी बाहेर यायची. बाणाच्या बटणाने उडी, शिफ्ट दाबून कड्याला लटकायचं. पायाखाली थरथरणारी फरशी, जमिनीतून सप्पकन वर येणारे सुळे, मधोमध मिटणारे लोखंडी जबडे. साठ मिनिटांत बारा लेव्हल पार करून राजकन्येला जाफरच्या तावडीतून सोडवायचं. जॉर्डन मेकनरने हा गेम १९८९ साली अ‍ॅपल टू या संगणकासाठी केला, आपल्याकडे पोहोचलेली डॉसची आवृत्ती १९९० ची. मेकनरने धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचा व्हिडिओ घेतला, मग त्यावरून एकेक चित्र उतरवलं. त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाच्या चालीत जे वजन होतं ते तिथून आलं. पळता पळता तो जागेवर थांबायचा नाही, पाऊलभर घसरायचा. त्यामुळे कड्याजवळ आल्यावर पळायचं नाही, शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकायचं, हे प्रत्येकाला आपोआप समजायचं.

मग मालिका थ्रीडीत गेली. १९९९ चा पहिला प्रयत्न फारसा कुणाला आठवत नाही. २००३ चा ‘द सँड्स ऑफ टाइम’ मात्र सगळ्यांना आठवतो आणि आठवायलाच हवा. भिंतीवरून धावणं, चुकलं की वेळ मागे फिरवणं, हे तेव्हा विलक्षण होतं. याच गेमच्या नव्या आवृत्तीची घोषणा २०२० मध्ये झाली आणि ते काम युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आहे असं कळलं, तेव्हा इथल्या गेम खेळणाऱ्या मंडळींना केवढा आनंद झाला होता! पुण्याचा स्टुडिओ २००८ पासून युबिसॉफ्टकडे आहे, पण एवढं मोठं नाव इथल्या लोकांच्या हाती पहिल्यांदाच येत होतं. २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेलं. त्याची हळहळ मला अजून वाटते.

‘द लॉस्ट क्राउन’ केला तो फ्रान्समधल्या युबिसॉफ्ट मॉन्टपेलिए या स्टुडिओने. ‘रेमन’ या उड्यांच्या मालिकेतले टूडी गेम याच मंडळींचे, त्यामुळे उडी कशी असावी हे त्यांना सांगावं लागत नाही. गेम जानेवारी २०२४ मध्ये आला. नाव प्रिन्सचं असलं तरी आपण प्रिन्स नसतो. आपण सार्गोन, ‘इम्मॉर्टल्स’ नावाच्या योद्ध्यांच्या तुकडीतला सगळ्यात धाकटा. राजपुत्र घसानला पळवून काफ पर्वतावर नेलेलं असतं, त्याला सोडवायला ही तुकडी जाते. तिथे काळाची घडी विस्कटलेली असते. कुणाचा एक दिवस गेलाय, कुणाची कित्येक वर्षं.

टूडीत येऊन नेमकं काय परत मिळालं, याचा मी बराच विचार केला. जुन्या आठवणी जाग्या होतात हे खरं, पण माझा भाचा आठवीत आहे, त्याला डॉस म्हणजे काय हे माहीत नाही आणि तोही तितकाच रमला. परत मिळालं ते स्पष्ट दिसणं. थ्रीडीत कॅमेरा फिरतो, खांब आडवा येतो, पलीकडचा कठडा किती लांब आहे याचा अंदाजच बांधावा लागतो. इथे सापळा, दरी, पलीकडची भिंत, सगळं एका नजरेत समोर असतं. पडलात तर का पडलात हे त्याच क्षणी कळतं, आणि म्हणून पुन्हा उठावंसं वाटतं. सुळ्यांवर पडलं तर थोडी ताकद जाते आणि मागच्या भक्कम जागेवर उभं केलं जातं. पुन्हा सगळी वाट चालायला लावत नाहीत. जुन्या प्रिन्समध्येही हाच न्याय होता, फक्त शिक्षा फार कडक होती.

चालीच्या बाबतीत मात्र दोन्ही अगदी उलट आहेत. मेकनरचा प्रिन्स जड होता, सार्गोन पाखरासारखा हलका आहे. बटण दाबलं की त्याच निमिषात तो हलतो. सुरुवातीला नुसती उडी, घसरण आणि भिंतीवरून चढणं असतं. पुढे सिमुर्ग या दैवी पक्ष्याची पिसं मिळत जातात तशा शक्ती वाढतात. हवेत झेपावता येतं. आपली सावली एका जागी ठेवून पुढे जायचं आणि अडचण आली की क्षणात त्या सावलीच्या जागी परत यायचं, ही शक्ती माझी सर्वात लाडकी. जुन्या गेममधल्या आरशातून बाहेर आलेल्या छायापुरुषाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तो छायापुरुषही मेमरी अपुरी होती म्हणून जन्मला होता. नव्या शत्रूची चित्रं मावत नव्हती, मग मेकनरने नायकाचीच चित्रं वापरून त्याचा वैरी उभा केला. पस्तीस वर्षांनी तीच कल्पना खेळाडूच्या हातात शस्त्र म्हणून आली, हे मला फार आवडलं. आणखी पुढे शत्रूचा बाण किंवा बाँब हवेतच गिळून हवा तेव्हा परत फेकता येतो, आणि दुसऱ्या मितीतले कठडे दृश्य-अदृश्य करता येतात. या सगळ्या शक्ती एकाच उडीत लागोपाठ वापरायला लावणाऱ्या काही खोल्या आहेत, जिथे झर्क्झीसची नाणी ठेवलेली असतात. त्या खोल्यांत माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या. एक नाणं मिळाल्यावर मी घरात खरोखर टाळ्या वाजवल्या.

गेम मेट्रोइडव्हेनिया पद्धतीचा आहे, म्हणजे लेव्हलमागून लेव्हल नसून एकच मोठा, आतून जोडलेला प्रदेश. आज बंद दिसलेली वाट उद्या नवी शक्ती मिळाल्यावर उघडते. पेठांमधले बोळ ज्यांना पाठ आहेत त्यांना हा नकाशा पटकन समजेल. शनिवार पेठेतल्या वाड्याच्या मागच्या दारातून निघून नारायण पेठेत बाहेर पडावं, तशा यातल्या जागा एकमेकींना मिळतात, आणि ‘अरे, हे इथे निघतं होय!’ असं वाटण्याचा आनंद पुन्हा पुन्हा मिळतो. अशा गेममध्ये कुठली बंद दारं मागे राहिली हे लक्षात ठेवणं ही मोठी कटकट असते. इथे त्यावर फार सुंदर उपाय आहे. बटण दाबलं की समोरच्या दृश्याचा फोटो नकाशावर त्या ठिकाणी चिकटतो. नंतर नकाशा उघडून तो फोटो बघायचा, काय अडलं होतं ते डोळ्यांसमोर येतं. मी नोकरी सांभाळून खेळते, मध्ये आठवडा-आठवडा हात लागत नाही. या एका सोयीमुळे दर वेळी खेळ लगेच पुढे सुरू करता आला. बाकीच्या गेमवाल्यांनी ही कल्पना बिनदिक्कत उचलावी.

लढाई पॅरीवर उभी आहे. शत्रूचा वार अंगावर यायच्या क्षणी बटण दाबून तो परतवायचा. वार लाल चमकला तर पॅरी चालत नाही, बाजूलाच व्हायचं. पिवळा चमकला आणि नेमक्या वेळी परतवला, तर सार्गोन डोळे दिपवणारा प्रतिहल्ला करतो. जहांदार या सिंहाच्या देहाच्या आणि विंचवाच्या शेपटीच्या प्राण्याशी मी हातघाईवर आले होते तेव्हा भाचा शेजारी बसून म्हणाला, ‘मावशी, तू बटणांकडे नको बघूस, त्याच्या पायांकडे बघ.’ मुलाचं बरोबर होतं. प्रत्येक बॉस, म्हणजे टप्प्याटप्प्यावरचा मोठा शत्रू, वार करण्याआधी शरीराने इशारा देतो, आणि बाजूने दिसणाऱ्या चित्रात तो इशारा झाकला जात नाही.

ज्यांचे हात तितके चपळ नाहीत त्यांनी घाबरू नये. अवघडपणाच्या तयार पातळ्या आहेतच, शिवाय शत्रूचा मार किती, पॅरीला सवड किती, हे वेगवेगळं ठरवता येतं. उड्यांचा अवघड भाग अडला तर तो ओलांडून देणारं दार उघडण्याचीही सोय आहे. पुढे कुठे जायचं ते दाखवणारा मार्ग आणि स्वतः शोधायला लावणारा मार्ग, यांतला हवा तो निवडता येतो. मी स्वतः शोधण्याचा घेतला आणि तोच सुचवेन. या सगळ्या सोयींसाठी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये २०२४ चा सुलभतेचा पुरस्कार या गेमला मिळाला, तो योग्यच.

भाषा फारसी निवडा, ही माझी आग्रहाची विनंती. या मालिकेत फारसी संवाद पहिल्यांदाच आले आहेत आणि खाली इंग्रजी अक्षरं वाचत ऐकले की काफ पर्वताला एकदम प्राण येतो. संगीतात गॅरेथ कोकरबरोबर मूळची इराणी असलेली संगीतकार मेंट्रिक्स आहे, तिच्या तुकड्यांसाठी हेडफोन लावाच. आणि तो गोठलेला समुद्र! वादळात लढणारी जहाजं, उसळलेली लाट, फुटलेल्या फळ्या, सगळं काळ थांबल्यामुळे हवेत जागच्या जागी. त्या लाटांच्या कपारींतून आणि तुटलेल्या डोलकाठ्यांवरून आपण चढत जातो. कुठल्याही गेममध्ये इतकी देखणी जागा मी क्वचितच पाहिली आहे. चेहऱ्यांची चित्रशैली थोडी भडक आहे, ती काहींना खटकते. मला सवय झाली.

उणिवाही आहेत. कथेची सुरुवात जोरदार, मध्ये मात्र ती पांगते. सार्गोनच्या तुकडीतले सोबती एकेक वेगळे, रंगतदार, पण त्यांना वाव कमी मिळतो. तुकडीचा प्रमुख वाहराम सोडला तर कुणाचं मन नीट उघडत नाही. बरेच संवाद स्थिर चित्रांवर उरकले आहेत. झटकन प्रवास करण्याची ठिकाणं या विस्तारासाठी कमी पडतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात उरलेली रहस्यं गोळा करताना त्याच वाटा पुन्हा तुडवाव्या लागतात. शेवटाकडचे साधे शत्रूही फार वेळ तग धरतात, तिथे मी मारामारी टाळून पळतच सुटायचे.

एप्रिल २०२५ पासून हा गेम फोनवरही मिळतो, सुरुवातीचा भाग फुकट खेळून बघता येतो. मी बघितला. चित्र छान उतरलंय, आपोआप पॅरी होण्याची सोयही दिली आहे, पण काचेवर बोटं फिरवून त्या नाण्यांच्या खोल्या पार करणं मला जमण्यासारखं वाटलं नाही. फोनला कंट्रोलर जोडणार असाल तर जरूर घ्या. लॅपटॉपवरही कीबोर्डपेक्षा कंट्रोलरच हवा.

‘मास्क ऑफ डार्कनेस’ हे जोडप्रकरण सप्टेंबर २०२४ मध्ये आलं. सार्गोन तुकडीतल्याच रादजेनच्या मनात उभ्या असलेल्या महालात अडकतो. आटोपशीर आहे, आणि उड्यांच्या बाबतीत मूळ गेमपेक्षा निर्दय. मूळ गेम पुरता पचल्याशिवाय याला हात लावू नये. त्यानंतर साधारण महिन्याभराने बातमी आली की हा गेम करणारे लोक स्टुडिओतल्या दुसऱ्या कामांकडे वळवले गेले. पुढचा भाग याच हातांनी व्हावा अशी माझी मनापासून इच्छा होती. तूर्त भाच्याच्या वार्षिक परीक्षा संपल्यात, त्याला वरच्या शहरातली दोन नाणी अजून मिळालेली नाहीत, आणि कोथरूडहून तो शनिवारी राहायला येतोय.