टाचणीची भोकं नसलेली नोट

नोट खरी होती, हे आधीच सांगून टाकतो. खोटी असती तर मी फसलो नसतो, तेवढा अभ्यास होता.

पॅरिसजवळच्या एका रविवारच्या जुन्या बाजारात मिळाली. ल्युक-ओलिव्हिए मेर्सों या चित्रकाराने रेखाटलेली १०० फ्रँकची, तारीख १९२६ ची. पुढे दोन स्त्रिया, मागे लोहार. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही अमाप छापली गेली, त्यामुळे आजही ढिगाने मिळते आणि पैसे मोजायचे ते फक्त तिच्या अवस्थेचे. पाकिटावर पेन्सिलीने 'नफ' लिहिलेलं, म्हणजे कोरी करकरीत. पांढरीशुभ्र, एक घडी नाही. घासाघीस करून १२० युरोला घेतली आणि वर स्वतःवरच खूश!

महिनाभराने एका जाणत्या संग्राहकांना दाखवली. त्यांनी कोपऱ्याला धरून ती कानाशी हलवली. करकर नाहीच. "टाचणीची भोकं कुठायत?" म्हटलं, नाहीत, म्हणून तर घेतली. ते हसले. त्या काळी फ्रान्समध्ये बँकेतच नोटांच्या गड्ड्या टाचणीने टोचत, आपल्याकडे स्टेपल मारायचे तसं. कोऱ्या नोटांनाही बऱ्याचदा भोकं असतात.

मग अतिनील दिवा काढला. सगळा कागद काळसर, आणि डावीकडे वर दोन निळे ठिपके लखलखले. भोकं आजच्या कागदाच्या लगद्याने बुजवलेली! उजेडासमोर धरल्यावर मधोमध पुसट उभी रेघ दिसली: धुऊन, इस्त्री करून घालवलेली घडी. छपाईच्या दाबाचा उठाव मागून बोटाला लागायला हवा, तोही सपाट. त्यांच्या मते किंमत फार तर १५ युरो.

पुढच्या रविवारी विक्रेत्याला गाठलं.

"नोट खोटी आहे का?"

"नाही, पण..."

"मग?"

'नफ' लिहिलेलं पाकीट मी अल्बममध्ये नोट लावतानाच फेकून दिलं होतं. पावतीवर नुसतं '१०० फ्रँक, १९२६'. बोलणार काय?

तेव्हा अशा बाजारात जाणार असाल तर खिशात छोटा अतिनील टॉर्च ठेवा आणि अवस्था पावतीवर लिहून घ्या. विक्रेता नोट पाकिटाबाहेर काढू देत नसेल तर सरळ पुढच्या टेबलाकडे वळा.

परवा मला मिनर्व्हा या रोमन देवतेचं चित्र असलेली १० फ्रँकची नोट मिळाली. तीन भोकं, एक ठसठशीत घडी, सहा युरो.