मुलाखत की प्रश्नावली?

‘मी कोण, पुढं काय करणार’ ही किशोरवयातली जाण मोजायला दोन वाटा आहेत: मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शियानं १९६६ साली मांडलेली मुलाखत आणि २००८ मधली १३ विधानांची यूट्रेख्ट प्रश्नावली.

प्रश्नावली एका तासिकेत वर्गभर भरून होते. देशोदेशीचे आकडे शेजारी ठेवायचे तर तीच सोयीची. मात्र प्रत्येक भाषेत विधानांचा अर्थ तोच राहतो का, हे आधी तपासावं लागतं.

मुलाखत वेळखाऊ. तरी माझा कौल तिलाच.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात घरोघरी फौजी. तिथला एक मुलगा म्हणाला, “सर, भरतीच व्हायचं.” मार्शियाच्या चौकटीत ही शोध न घेता स्वीकारलेली, आयती ओळख ठरेल. मी विचारलं, “दुसरं काही मनात आलं नाही?” तो बुटाची नाडी आवळत राहिला. मग हळूच म्हणाला, “आयटीआयचा फॉर्म आणलेला. आठ दिवस उशीखाली होता. मग मीच ठरवलं, नको.”

म्हणजे शोध झाला होता, फक्त घरात कुणाला न सांगता. प्रश्नावलीतली पुनर्विचाराची तीन विधानं आज चाललेली चलबिचल टिपतात. उशीखालचे ते आठ दिवस त्यांत उमटले नसते.