दहा पटींचे खिशातले भिंग : नजरेला थांबायला लावणारे साधन

रत्नपारखी आणि वनस्पतींचे अभ्यासक वापरतात ते दहा पटींचे, धातूच्या कवचात मिटणारे छोटे भिंग मी बऱ्याच काळापासून वापरत आहे. त्याविषयीचे माझे मत आधीच सांगून टाकतो. ईश्वराच्या निर्मितीपुढे मान आपोआप झुकावी यासाठी हिमशिखरे किंवा अथांग समुद्रच गाठावा लागतो असे नाही, हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी अनुभवायचे असेल, त्याने हे साधन अवश्य जवळ बाळगावे.

या भिंगात तीन काचा एकमेकींना चिकटवून बसवलेल्या असतात. एकेरी भिंगातून पाहताना वस्तूच्या कडांना जी रंगीत झालर दिसते आणि कडेकडेला जी आकृती वाकते, ती येथे जवळजवळ नाहीशी होते. नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून ज्या अंतरावर वस्तू स्पष्ट दिसते ते, सुमारे २५ मिलिमीटर असल्यामुळे भिंग डोळ्याला अगदी लगटून धरावे लागते आणि वस्तू हळूहळू जवळ आणत साधारण इंचभर अंतरावर स्थिर करावी लागते. बहुतेक जण नेमके उलट करतात. भिंग वस्तूवर धरून स्वतः लांबून डोकावतात आणि काहीच नीट दिसत नाही म्हणून ते बाजूला ठेवून देतात. शिवाय इतक्या जवळून वस्तूचा अगदी पातळ थरच एका वेळी स्पष्ट दिसतो, हात किंचित हलला तरी सगळे पुसट होते. या गुणधर्माला कोणी उणीव म्हणेल, पण मला तो या साधनाचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण घाईत असलेल्या माणसाला ते काहीही दाखवत नाही आणि विस्मयालाही घाई चालत नाही.

ओलसर भिंतीवर वाढणारे मखमलीसारखे शेवाळ, ज्याला वनस्पतिशास्त्रात हरिता म्हणतात, त्यापासून सुरुवात करावी. नुसत्या डोळ्यांना जो हिरवा थर दिसतो, तो भिंगाखाली दाट अरण्य होऊन उभा राहतो. त्यातील बहुतेक पाने एकाच पेशीच्या जाडीची असल्याने प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो. वर आलेल्या बारीक दांड्यांच्या टोकांवर बीजाणूंच्या कुप्या असतात आणि झाकण गळून पडलेल्या कुपीच्या तोंडाशी, अनेक जातींत, इवल्या दातांचे एक रेखीव कडे दिसते. कोरड्या कुपीवर हलकेच श्वास सोडला की ओलाव्याने हे दात हलू लागतात, आणि हवा कोरडी झाली की पुन्हा मागे वळतात. बीजाणू वाऱ्यावर केव्हा सोडायचे आणि केव्हा राखून ठेवायचे याची व्यवस्था ज्या वनस्पतीला मुळे नाहीत, फूल नाही, तिच्या टाचणीच्या डोक्याहून लहान अवयवात करून ठेवलेली आहे. यामागचे कारण विज्ञानाने सांगितले आहे : दातांच्या दोन बाजू पाणी सारख्या प्रमाणात शोषत नाहीत, म्हणून ते वाकतात. हे कारण कळल्यावर माझा भक्तिभाव तसूभरही कमी झाला नाही, उलट एवढ्या साध्या नियमातून एवढे नेमके काम करून घेणाऱ्या कर्त्याविषयीचा आदर वाढला. कारण समजले की देव तिथून निघून जातो, असे मानणाऱ्या आस्तिकांचे आणि नास्तिकांचे, दोघांचेही म्हणणे मला पटत नाही.

गळून पडलेले पीस, मिठाचे चौकोनी स्फटिक, माशीचा जाळीदार डोळा ही पुढची पाने आहेत आणि ती ज्याची त्याने उलटावीत.

अधिक पटींच्या भिंगाचा मोह मात्र टाळावा. कापडाचा व्यापारी असलेल्या लेव्हेनहूकने सतराव्या शतकात स्वतः घासलेल्या एकेका इवल्या भिंगातून पाण्याच्या थेंबातली जिवंत सृष्टी पाहिली, हे खरे. पण तेवढी पट गाठायची तर भिंग मण्याएवढे होते, दृश्य अंधारते, आणि उभ्या उभ्या पाहणे शक्यच राहत नाही. दहा पटींत थेंबातले जंतू दिसणार नाहीत, पण डोळ्यांदेखत असूनही कधी न पाहिलेले जग दिसेल. मी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या दुसऱ्या भिंगावर ३० पटींचा आकडा कोरलेला होता आणि प्रत्यक्षात ते याच्याहून फारसे मोठे दाखवत नव्हते. अशा आकड्यांवर विसंबू नये. भिंगाभोवती दिव्यांचे कडे असलेला प्रकारही मला आवडला नाही, कारण समोरून पडणारा प्रकाश सावल्या पुसतो आणि सगळे सपाट दिसू लागते. बाजूने येणारा दिवसाचा उजेडच उत्तम. बिजागरीचा स्क्रू वापराने सैल होतो, तो अधूनमधून आवळावा लागतो. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये आणि ते उन्हात उघडे ठेवू नये.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, अंथरुणाला खिळून राहावे लागते, त्यांच्यासाठी मी याची विशेष शिफारस करतो. स्वतःच्या बोटाचे टोक भिंगाखाली धरले तरी पुरेसे आहे. नांगरलेल्या शेतासारख्या वळणावळणाच्या कडा, त्यांच्या माथ्यावर ओळीने असलेली घामाची छिद्रे, आणि त्या छिद्रांतून थांबून थांबून वर येऊन चमकणारे थेंब दिसतात. ही नक्षी जन्माच्या कितीतरी आधी, आईच्या उदरातच कोरली गेलेली असते आणि एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांतही ती वेगळी असते. हात थरथरत असेल तर भिंग धरलेला हात गालाला आणि दुसऱ्या हाताचे मनगट पहिल्याला टेकवावे, म्हणजे दोन्ही एकदमच हलतात आणि दृश्य स्थिर राहते.