इंजिन ट्यूनिंगची पुस्तकं: माझ्या कपाटातली पाच

तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन मी अजून ठेवलाय. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड जिथे तुटली तिथे बोट फिरवलं की आजही चरचरतं. हे काम एका पुस्तकाचं. म्हणजे काम माझंच, पण सल्ला पुस्तकाचा. त्यात इग्निशन टायमिंगचा, म्हणजे ठिणगी केव्हा पाडायची याचा, एक तक्ता छापला होता, आडवा आरपीएम, उभा लोड, आणि तो मी जसाच्या तसा ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमध्ये, भरला. तक्ता ज्या इंजिनाचा होता त्याचं कॉम्प्रेशन गुणोत्तर ९ होतं, माझं १०.५. ज्वलनकक्षाचा आकार वेगळा, पेट्रोलचा ऑक्टेनही वेगळा. एवढा फरक असताना तोच अॅडव्हान्स दिला, म्हणजे ठिणगी तितकीच आधी पाडली, की चढावर, तापलेल्या इंजिनात काय होणार? आधी बारीक टिकटिक ऐकू आली. मला वाटलं टॅपेटचा आवाज असेल.

त्या पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण तशी पुस्तकं पुष्कळ आहेत. चकचकीत कागद, दर दोन पानांआड एक फोटो, आणि मजकूर असा की अमुक फिल्टर बसवा, तमुक सायलेन्सर लावा, पिकअप वाढेल. किती वाढेल, कशामुळे वाढेल, कोणत्या आरपीएमला वाढेल, यावर शब्द नाही. सुट्या भागांचा कॅटलॉगच तो, फक्त पुठ्ठ्याच्या बांधणीतला.

त्यानंतर कोणतंही नवं पुस्तक घेण्याआधी मी त्यात दोन गोष्टी बघतो. एक, मागच्या सूचीत 'नॉक' शोधतो, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून बसणारे दणके. माझी टिकटिक तीच होती. चार-पाच ठिकाणी सापडला आणि त्या पानांवर नॉक कसा ओळखायचा, कसा मोजायचा, टायमिंग किती मागे घ्यायचं हे असेल, तर लेखकाने स्वतःचे पिस्टन फोडलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि हॉर्सपॉवर यांचा आलेख. हॉर्सपॉवर म्हणजे फूट-पौंडातला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२. म्हणून दोन्ही रेषा एकाच मापपट्टीवर काढल्या तर त्या ५२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदतात, इंजिन कुठलंही असो. न्यूटन-मीटर आणि किलोवॅट असतील तर भागायचा आकडा ९५४९. मी एका पुस्तकात एकाच मापपट्टीवरच्या या रेषा ४३०० च्या आसपास छेदताना पाहिल्या आणि पुस्तक तिथेच मिटलं.

आता जी पुस्तकं खरोखर उपयोगी पडली त्यांच्याबद्दल.

ग्रॅहॅम बेल यांचं 'फोर-स्ट्रोक परफॉर्मन्स ट्यूनिंग' माझ्याकडे सगळ्यात कळकट झालंय. पहिली आवृत्ती १९८१ ची. सिलिंडर हेड, कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर, सगळं कानाकोपऱ्यापर्यंत लिहिलंय. कार्ब्युरेटरचा भाग आज बहुतेकांना लागणार नाही आणि जेटांची चर्चा मीही उडी मारून पुढे गेलो. पण पोर्टमध्ये, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेत, कुठे धातू काढायचा आणि कुठे मुळीच हात लावायचा नाही, हे या पुस्तकानं पटवलं. पोर्ट मोठा केला की हवा जास्त जाते हा आपला भाबडा समज. जास्त मोठ्या पोर्टात हवेचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला इंजिन मेल्यासारखं चालतं. मी एका जुन्या, भंगारातल्या हेडवर डाय-ग्राइंडर चालवून बघितला, म्हणून हे नुसतं ऐकीव सांगत नाहीये. मांडणी जुन्या पद्धतीची, परिच्छेद लांबलचक, आणि मापं बऱ्याच ठिकाणी इंचात. शेजारी कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो.

ज्यांच्या गाडीला इंजेक्टर आहेत, म्हणजे आज जवळजवळ सगळ्यांनी, ग्रेग बॅनिश यांचं 'इंजिन मॅनेजमेंट: अॅडव्हान्स्ड ट्यूनिंग' आधी घ्यावं. २००७ चं आहे. लॅपटॉपवरची बटणं या पुस्तकात कमी, त्या बटणांमागचा विचार जास्त, त्यामुळे सॉफ्टवेअर बदललं तरी पुस्तक शिळं होत नाही. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी, म्हणजे सिलिंडर हवेनं किती टक्के भरतो, हे मला पाठ होतं, समजलं मात्र त्याच्यामुळे. पुस्तक बाजूला ठेवून मी माझ्या १६०० सीसी इंजिनाचा हिशोब मांडला. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला ४८०० लिटर. भरण ९० टक्के धरलं तर ४३२०. त्या हवेचं वजन सेकंदाला ८५ ग्रॅमच्या घरात. १२.७ च्या मिश्रणाला (वजनानं एक भाग पेट्रोलला १२.७ भाग हवा) पेट्रोल सेकंदाला साधारण ६.७ ग्रॅम. दर किलोवॅट-तासाला ३०० ग्रॅम पेट्रोल लागतं असं मानलं तर ताकद निघाली ८० किलोवॅट, म्हणजे १०७-१०८ हॉर्सपॉवर. कंपनीनं दिलेला आकडा याच्या अगदी जवळ होता! मी नुसता फिल्टर बदलून २० हॉर्सपॉवर वाढवायला निघालो होतो. ती जास्तीची हवा कुठून आणणार होतो, हे तोवर मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

दुसरं त्याच पुस्तकातून घेतलं ते टायमिंगबद्दल. कमाल टॉर्क मिळायला पुरेल तेवढाच किमान अॅडव्हान्स, ज्याला एमबीटी म्हणतात, त्याच्या जवळ टॉर्कची रेषा जवळपास सपाट असते. दोन-तीन डिग्री मागे राहिलात तर तोटा नगण्य, पुढे गेलात तर फायदा शून्य आणि नॉकचा धोका मात्र वाढलेला. माझा पिस्टन त्या नगण्य फायद्यापायी गेला. हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी मोठ्यानं हसलो. घरचे उठले.

पुस्तक मिश्रणाबद्दल कसं बोलतं तेही बघा. हवा आणि पेट्रोल दोन्ही पुरती जळून जातील अशा समतोलासाठी पेट्रोलला १४.७ हा आकडा सगळे देतात. पण इथेनॉल जास्त असलेल्या ई८५ ला तोच समतोल ९.८ च्या आसपास येतो. म्हणून चांगलं पुस्तक लॅम्डाच्या, म्हणजे समतोलाच्या किती पट हवा आहे या, भाषेत बोलतं: समतोलाला १, पूर्ण ताकदीला ०.८५ ते ०.९. एक्झॉस्टमधला साधा ऑक्सिजन सेन्सर १ च्या आजूबाजूलाच विश्वासाचा, त्याच्या पलीकडे तो फक्त रिच (पेट्रोल जास्त) की लीन (हवा जास्त) एवढंच सांगतो. पूर्ण थ्रॉटलला त्याच्यावर मिश्रण लावा असं एखादं पुस्तक सांगत असेल तर ते पुस्तक रद्दीत. १ पासून लांबचं मिश्रणही मोजणारा वाइडबँड सेन्सर हवाच.

टर्बोसाठी, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या यंत्रासाठी, कॉर्की बेल यांचं 'मॅक्सिमम बूस्ट', १९९७ चं. आडनाव सारखं, माणूस वेगळा. इलेक्ट्रॉनिक्सचा भाग वयस्कर झालाय, तो बॅनिशकडून शिकावा. पण टर्बो निवडायचा कसा, दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची गरज कशी मोजायची, तेलाची लाइन कशी हवी, हे सगळं त्यानं आकडेमोडीनं शिकवलंय आणि गंमतीनंही. एक उदाहरण मी स्वतः करून बघितलं. बाहेरची हवा २५ डिग्री, बूस्ट (टर्बोनं वाढवलेला दाब) १ बार, म्हणजे दाबाचं गुणोत्तर साधारण २ (इथे निरपेक्ष दाब धरायचा, गेजवरचा नाही, ही चूक सगळे एकदा करतात), कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के. बाहेर पडणारी हवा ११८ डिग्रीच्या आसपास! इंटरकूलर शोभेचा असतो असं म्हणणारा माझा मित्र हा हिशोब बघून गप्प झाला.

हेवूड यांचं 'इंटर्नल कम्बश्चन इंजिन फंडामेंटल्स' हा ग्रंथ आहे. १९८८ ची पहिली आवृत्ती, २०१८ ची दुसरी, नऊशेवर पानं, आणि गणित भरपूर. तो सुरुवातीला घेऊ नका. मी घेतला होता आणि वर्षभर त्यावर चहाचा कप ठेवत होतो. पण वरची पुस्तकं वाचून "असं का?" हा प्रश्न वारंवार पडायला लागला की उघडा. पहिल्या आवृत्तीत सहावं प्रकरण वायूंच्या देवाणघेवाणीचं आणि नववं स्पार्क इंजिनातल्या ज्वलनाचं आहे. मी ही दोनच नीट वाचलीत, बाकीची चाळलीत. समीकरण कळलं नाही तर आलेख बघायचा, तो बऱ्याचदा सगळं सांगतो.

आता पाचवं. कॅरॉल स्मिथ यांचं 'ट्यून टू विन'. नाव वाचलं आणि डोळे मिटून मागवलं. पुस्तक आलं, चाळलं, तर सस्पेन्शन, टायर, ब्रेक, भार इकडून तिकडे कसा जातो... इंजिन जवळपास नाहीच. ट्यूनिंग म्हणजे इंजिनच, हे मीच गृहीत धरलं होतं. परत करणार होतो. पण पहिल्या रात्री ब्रेकवरचं वाचत बसलो आणि दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर घेऊन पुढचे ब्रेक पॅड काढले. एका बाजूचा जवळजवळ धातूला लागला होता.

इंजिनाचं काम त्या वर्षी राहूनच गेलं.