पातेल्यातलं पाणी ९८, मीटरवर ८९

जुनी होंडा सिटी व्हीटेक बाळगणाऱ्या इंदूरच्या मंडळींनी हे वाचाच. माझे पैसे गेले ते गेले, पण मला फसवणारा मेकॅनिक अजून गाड्या कामाला घेतोय.

माझी गाडी २००२ ची, दीड लिटरची. इंजिन उघडलं तेव्हा कॉम्प्रेशन थोडं वाढवून घेतलेलं, एक्झॉस्ट मोकळा केलेला. शहरात तक्रार नाही. पण मे महिन्यात खंडवा रोडला भेरू घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागायचा, आणि मला गाडी ट्रॅकवर न्यायची होती.

ओळखीतून एक मेकॅनिक मिळाला. मराठी, रामबागेतल्या कुणाच्या तरी नात्यातला. 'आपला माणूस' हे दोन शब्द ऐकले की इंदुरात आपण बिल मागायलाही लाजतो. त्यानं बॉनेट उघडलं, हात न लावता सांगितलं, "दादा, फुल अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर टाकू, दोन पंखे, रेसिंग कूलंट आणि डिजिटल मीटर. मी सांगून राहिलो ना, ९२ च्या वर गेली तर पैसे परत." एकूण ४१,५०० रुपये. हिशोब वहीच्या फाटक्या पानावर.

दोन आठवड्यांनी गाडी मिळाली. स्टिअरिंगच्या वर निळा आकडा चमकत होता. त्याचा सेन्सर बसवायला म्हणून मूळ सेन्सर काढलेला, त्यामुळे डॅशवरचा काटा मेलेला. "डिजिटल असताना काटा कशाला पाहिजे?" मला पटलं. तिथेच चुकलो. आता गाडीत तापमान सांगणारी एकच वस्तू उरली होती, आणि ती त्याची होती.

बायपासवर ७८. घाटात ८८. मी फोटो काढून अर्ध्या गावाला पाठवले.

मग ट्रेलरवर घालून गाडी ग्रेटर नोएडाला नेली, बुद्ध सर्किटवर. एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. तिसऱ्या फेरीत आकडा ९७, मग १०१. दाबाखालच्या कूलंटला १०१ म्हणजे काही आकाश कोसळत नाही, म्हणून अजून एक फेरी मारली. मागच्या लांब सरळ पट्ट्यावर आरशात पांढरा धूर दिसला आणि गाडीचा जीव गेला. बॉनेट उघडल्यावर एक गोष्ट खटकली. खऱ्या कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, आणि त्याची वाफ गोडसर वास मारते. या वाफेला कसलाच वास नव्हता, नुसतं चहाचं आधण.

इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलेलं; त्याखालचं गॅस्केट फुटलेलं. घरी परतल्यावर मामेभाऊ आला. तो पीथमपूरला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. त्यानं मीटर, वायर, सेन्सर अख्खं उपसून स्वयंपाकघरात आणलं, गाडीच्या बॅटरीला जोडलं आणि आईच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. पाणी खळखळत होतं. मीटर म्हणत होता ८९. सेन्सर नळाच्या पाण्यात धरला, तर आकडा बरोबर.

वायरवरची काळी टेप त्यानं ब्लेडनं सोलली. आत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर, लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा. म्हणजे २२० ओहम. हे सेन्सर गरम होतात तसा त्यांचा रोध घटतो, म्हणून वायरमध्ये रोधाची भर घातली की मीटरला गाडी गार वाटते. आमच्याकडचा २५ अंशांना दहा हजार ओहमचा, तिथे २२० नं काय फरक पडणार? पण १०० अंशांना तो सातशेच्या आसपास येतो, आणि तिथे मीटर तब्बल दहा अंश खाली वाचतो. त्याहून तापलं की आणखी. माझे १०१ खरे तर ११५ च्या घरात होते. मला मानावं लागेल, माणूस हुशार आहे. गारेगार गाडीत कुणालाच संशय येऊ नये अशी सोय.

बाकीचं मग पटापट उघडं पडलं. रेडिएटरच्या टाक्या चंदेरी रंग मारलेल्या प्लास्टिकच्या. कडेनं पत्र्याचे दात दुमडलेले. फुल अ‍ॅल्युमिनियमला तिथे वेल्डिंगची शिवण असते. आतल्या नळ्यांत पांढरी खपली. कूलंट किती अंशांना गोठेल ते रिफ्रॅक्टोमीटर दाखवतो; त्यावर 'रेसिंग कूलंट'चा थेंब टाकला, तर रेघ थेट शून्यावर. निम्मं ग्लायकॉल असतं तर उणे ३७ दाखवायला हवं होतं. रंग घातलेलं बोअरचं पाणी! रेडिएटरच्या १.१ बार दाबाच्या झाकणाखाली साधं पाणी १२२ ला उकळतं, निम्मं ग्लायकॉल असेल तर १२९ च्या आसपास. म्हणजे हेडजवळच्या तापलेल्या जागी वाफ होण्याआधी जी थोडी सवड मिळाली असती, तीही गेली. गरम होणं त्याला थांबवता येईना, म्हणून त्यानं आकडाच थंड केला.

जाब विचारायला गेलो. "दादा, तो रेझिस्टर तर मीटरच्या डब्यातच येतो." मग तुम्ही टेपमध्ये का लपवला? उत्तर नाही. हेड घासणं, गॅस्केट आणि ट्रेलर मिळून आणखी ५२,००० गेले.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण पक्कं बिल नाही, त्यामुळे सगळी मदार यूपीआयच्या नोंदींवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं लिहिलेल्या "फुल अ‍ॅल्युमिनियम, गॅरंटी" या तीन शब्दांवर. तुम्ही निदान तेवढं तरी लिहून घ्या. आणि कुणीही नवा मीटर बसवला तरी कंपनीचा काटा काढू देऊ नका. दोन आकडे जुळले नाहीत तर घाटातच कळतं.

नवा सेन्सर बसवण्याआधी त्याच पातेल्यात उकळून पाहिला. ९८. आईनं ते पातेलं आता गॅरेजमध्येच ठेवायला सांगितलंय.